टाकळ्याची संध्याकाळ

वन्सं, मागच्या आठवड्यात गफूरभाई मनावर गावाहून आले होते. तुमची बातमी त्यांना उशिरा कळली. ओसरीवर बसले, तांब्याभर पाणी प्यायले, ह्यांच्याशी पावसापाण्याचं बोलले आणि मग पिशवीतून एक गुंडाळी काढून माझ्यापुढं ठेवली. टाकळ्याचा कागद. तुम्ही श्रावणात ठसे कोरायला त्यांच्याकडे पाठवला होतात तो.

"बाईजी का काम अधूरा रह गया," ते म्हणाले. "सुबह की पत्ती है, दोपहर की है. शाम की नहीं है. अब ठप्पा कैसे उतारूं?"

"मला काय विचारता, गफूरभाई? कातर आणि सुई सोडून मी हातात कधी काही धरलंय का?"

"तो किससे पूछूं, भाभीजी?"

दिवाळीच्या आत काय ते कळवा म्हणाले आणि कागद ठेवून संध्याकाळच्या मोटारीनं परत गेले. ते छिपा आहेत, कापड छापणं हा त्यांचा पिढीजात धंदा, अर्धा ठसा घेऊन ते तरी काय करणार? म्हणजे तुमचं शेवटचं कापड निघणार की नाही, हे आता माझ्यावर येऊन पडलंय. माझ्यावर! तुम्ही असतात तर हसला असतात. तुम्हांला जाऊन महिना होत आला, नवरात्र तोंडावर आलं, आणि मी रोज तो कागद उलगडते, बघते आणि पुन्हा गुंडाळून ठेवते. शेवटी म्हटलं, ज्यांचं काम त्यांनाच सांगावं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं सख्य असतं म्हणतात. आपलं तसं नव्हतं, असं आता सगळे सांगत सुटलेत, गेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं. खोटं कशाला बोलायचं? आपण भांडलो, आणि चांगलं कडाकडा भांडलो. फक्त आपलं भांडण साखरेच्या डब्यावरून किंवा लुगड्यावरून नव्हतं. आघाड्याचं पान देठाशी निमुळतं होतं की गोल, यावरून आपण एकदा जेवण टाकून परसात गेलो होतो, हात खरकटे. तुमचे बंधू ताटावर बसून म्हणाले होते, "दोघींना वेड्यांच्या इस्पितळात टाका, मला निदान आमटी तरी गरम मिळेल." पान निमुळतंच होतं. तुमचंच खरं निघालं, आणि त्या दिवशी तुम्ही ते बोलून दाखवलं नाहीत, हे मी लक्षात ठेवलंय.

मी देवासची. तिथं एकाच रस्त्याची एक कड थोरल्या पातीची आणि दुसरी कड धाकट्या पातीची, दोन संस्थानं, दोन राजे. त्या गावात वाढलेल्या मुलीला काय कुठं जोडलंय आणि काय कुठं तुटलंय, हे आपोआप दिसायला लागतं. लग्न होऊन धारेला आले तेव्हा शिवणाची मशीन सोबत आणली होती. तुम्ही कन्याशाळेत ड्रॉइंग शिकवायचात. ऐन विशीत कपाळ पुसून माहेरी परत आलेली बाई, गावानं खरं तर कोपऱ्यात बसवायची. पण तुम्ही इंदूरला जाऊन चित्रकलेच्या परीक्षा दिल्यात आणि पायात वहाणा घालून, बगलेत बसायचा पाट घेऊन गावाबाहेर हिंडायला लागलात. आल्या आल्या मी तुम्हांला जरा बिचकूनच होते.

ते संपलं पाहुण्यांच्या बंगल्यात. संस्थान विलीन झालं होतं आणि तिथलं सामान नव्या सरकारच्या ताब्यात देण्याचं काम बागखात्याच्या कारकुनावर, म्हणजे ह्यांच्यावर, आलं होतं. तुम्ही हट्ट धरून मागं लागलात आणि मलाही ओढून नेलंत. झुंबरं, गालिचे, साहेबलोकांची न्हाणीघरं, मी सगळं डोळे फाडून बघत होते. तुम्ही मात्र मागच्या एका खोलीत गेलात त्या बाहेरच येईनात. मी बघायला आले तर भिंतीपुढं उभ्या. भिंतीला विलायतेहून आणलेला कागद डकवलेला होता, ओलीनं जागोजाग फुगलेला, कोपऱ्यात लोंबणारा. त्यावर पानंच पानं. खालून वर चढत गेलेली, एकमेकांना वाट देत, एकमेकांवरून वळत.

"यानं झाड बघितलंय, वहिनी," तुम्ही इतक्या हळू म्हणालात की मला वाटलं देवळात आलोय.

"बघितल्याशिवाय काढेल कसं?"

"काढणारे सगळे बघत नाहीत गं. हे पान बघ, किड्यानं खाल्लंय. हे वळलंय, त्याची पाठ दिसतेय. आणि हे फूल म्हणजे काही गुलाब नाही, कमळ नाही. त्यांच्याकडे कुठल्यातरी कुंपणावर माजणारं तण असणार. राजांच्या भिंतीवर लावायला या माणसानं तण काढलं!"

तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेव्हा ते काही कळलं नाही. मी शिवणारी बाई, मला भिंतीवर पानं दिसलीच नाहीत, मी कागदाचा जोड शोधत होते. एवढी मोठी भिंत एका कागदाची असणार नाही, कुठंतरी पट्ट्याला पट्टा जुळवला असणार. पण रेघ काही सापडेना. नख लावून चाचपत गेले तेव्हा एका देठाच्या मधोमध सापडली. देठ या पट्टीतून त्या पट्टीत असा गेला होता की त्या झाडाला आपण कापले गेल्याचं ठाऊकच नव्हतं. मी तुमचं बोट धरून तिथं ठेवलं. तुम्ही भिंतीकडे बघितलंत, मग माझ्याकडे बघितलंत, नीट, पहिल्यांदाच.

"वहिनी," तुम्ही म्हणालात, "मी पान बघते, तू जोड बघ. आपण दोघी मिळून एक माणूस होऊ."

तसंच झालं. ह्यांची नोकरी नव्या खात्यात गेली, ती कधी असायची, कधी नसायची, घराला हातभार हवा होता. तुम्ही झाड काढायचात, मी ते चौकोनात असं बसवायची की ठशापुढं ठसा मारत गेलं तरी वेल कुठं अडखळू नये. ठसे कोरून छापण्याचं काम गफूरभाईंकडे. लाल आणि काळा, एवढे दोनच रंग. मी म्हणायची, अहो, पान लाल कसं दिसेल? तर तुम्ही म्हणायचात, "रंग कापडाच्या मर्जीचा, आकार झाडाच्या मर्जीचा. आपली मर्जी कुठंच नाही."

वन्सं, माझी मर्जी गुलाबावर होती, आणि अजूनही आहे. लोक गुलाब मागतात, मोर मागतात. तुम्ही मात्र काढणार गोखरू, माका, रिंगणी, रुई. मी म्हणायची, त्या विलायती माणसाच्या पावलावर पाऊल टाकायचं तर त्याच्यासारखी पानं तरी काढा, सुंदर दिसतात. यावर तुम्ही जे म्हणालात ते तुमच्या शाळेतल्या मुलींना सांगावं इतकं बरोबर होतं: "त्याची पानं घेतली तर चोरी झाली. त्याचं बघणं घेतलं तर विद्या झाली. त्यानं त्याच्या दारचं तण बघितलं, मग आपल्या दारात काय कमी आहे?"

आणि कमी खरंच नव्हतं. मुंज तलावाच्या कडेला तुम्ही पाट टाकून बसायचात. पान तोडायचं नाही, हा तुमचा नियम. जिथं उगवलंय तिथंच जाऊन काढायचं. तोडलेलं पान म्हणे मान टाकतं आणि मग आपण त्याच्या दुखण्याचं चित्र काढतो. एकदा म्हशी घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला. "मास्तरणीबाई, कंई ढूंढी रिया हो? कंई गमी ग्यो?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हां बा, गमी ग्यो थो. मिली ग्यो." हरवलं होतं, सापडलं म्हणे! तो बिचारा पुढं जाईपर्यंत मागं वळून वळून बघत होता. मी पदरात तोंड लपवून हसत होते.

फाल्गुनातली मनावरची फेरी आठवते? आधीच हिंडायची हौस, त्यात फाल्गुन, अशी तुमची गत. घाट उतरून निमाडात जाताना मोटार तापली म्हणून ड्रायव्हरनं थांबवली. खालची अख्खी दरी पळसानं भरली होती. पान एक नाही, नुसती फुलं, डोंगराच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत. मोटारीतली सगळी माणसं उतरली आणि कडेला खिळून उभी राहिली. एक बाई कडेवरच्या पोराला दाखवत होती, तिचाही हात वरच राहिला. मी तुमची पिशवी उघडून कागद पेन्सिल काढून दिली, म्हटलं घ्या, याहून वेगळं काय हवंय तुम्हांला? तुम्ही हात मागं घेतलात. म्हणालात, "नको गं. हे काढायला मी कोण? हे नुसतं बघून घरी जायचं." मोटार गार झाली, आपण बसलो, आणि मनावर येईपर्यंत तुम्ही माझा हात सोडला नाहीत. मला वाटतं माझ्या उभ्या जन्मात मी एवढी मोठी गोष्ट पुन्हा पाहिली नाही, आणि तुम्ही सोबत नसतात तर ती मी पाहिलीही नसती, मोटार कधी निघणार याचीच चौकशी करत बसले असते.

आता जाजमाचं बोलायलाच हवं. ते भांडण आपलं राहूनच गेलं.

माझ्या दादाच्या मुलीचं देवासला लग्न ठरलं. मुलगी थोरल्या पातीची, मुलगा धाकट्या पातीचा, त्यामुळे मानपानाला ऊत. मांडवात अंथरायला जाजम आपण द्यायचं, असं मी कबूल करून बसले. तुम्ही म्हणालात, पत्री काढू. गणपतीची पत्री. या मुलखात आपल्या लोकांची घरं ती किती, पण हरतालिकेच्या सकाळी आपण बायका टोपल्या घेऊन बांधाबांधानं पानं गोळा करत हिंडतो, आणि मालवी शेजारणी हसतात, "मराठणां चारो लेवा चाली!" तीच पानं. बेल, आघाडा, माका, शमी, धोतरा, डोरली, दूर्वा, आणि एरवी गणपतीला न चालणारी पण त्या एका दिवशी चालणारी तुळस. सगळी एका वेलीवर नाहीत, कारण अशी वेल जगात नाही. सगळी जमिनीतून उगवलेली, जशी बांधावर असतात तशी, एकमेकांत गुंतून. तो जोड जुळवताना माझे डोळे गेले. पण जमला. कापड धुऊन वाळत घातलं तेव्हा गफूरभाई स्वतः चार पावलं मागं सरकून उभे राहिले होते. आपण दोघी महिनोन्‌महिने त्यात बुडालो होतो, पानाची एक शीर चुकू दिली नाही. आणि दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही की जाजमावर माणसं पाय देतात!

मांडवात जाजम अंथरलं. पहिली आली ती माझी म्हातारी मावशी. पाऊल उचललं आणि तसंच मागं घेतलं. "अगंबाई, तुळस!" असं म्हणून तिनं हात जोडले. तिच्या मागच्या थांबल्या. मग पुरुष आले, तेही काठावर थांबले. वाजंत्री वाजवत वऱ्हाड आलं आणि तेही उभं. एवढा मोठा मांडव, मधोमध ते लाल-काळं जाजम, आणि चारी बाजूंनी शालू-फेट्यातली माणसं अशी उभी, जशी तळ्याच्या काठावर. शेजारच्या पटेलांना कुणीतरी म्हणालं, बसा ना. ते म्हणाले, "पग कां धरां, भिया? यां तो तुळसी माता है."

"इंदू, हे काय करून ठेवलंस?" दादा माझ्या कानाशी ओरडला. "व्याही उभे आहेत. बसवू कुठं त्यांना, माझ्या डोक्यावर?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेजारच्या घरांतून सतरंज्या आणल्या, पोरांनी जाजम गुंडाळायला घेतलं, तेसुद्धा वहाणा काढून, कडेकडेनं. मी रडकुंडीला आलेली, आणि तुम्ही? तुम्ही खांबाला धरून उभ्या, चेहरा असा उजळलेला की नवरीनं लाजावं. "वहिनी, बघितलंस? त्यांना दिसली! कुणी सांगितलं नव्हतं, लाल रंगात होती, तरी दिसली!" मी तुमच्याशी पुढं कितीतरी दिवस बोलले नाही.

ते जाजम आता दादाकडे माजघरात भिंतीवर आहे. टाकून देववेना, वापरवेना, विसर्जन करावं की काय यावर भटजींना विचारून झालं. शेवटी दादाच्या बायकोनं टांगलं, आणि चतुर्थीला ती त्याला हळदकुंकू वाहते. हे ऐकलंत आणि तुमचा सगळा आनंद मावळला. इथून आपलं खरं भांडण सुरू झालं. मी म्हणायची, अहो, कापडाची पूजा होते, आणखी काय हवं कारागिराला? तुम्ही म्हणायचात, "मी देव नाही काढला, पान काढलं. ती माणसं पानासाठी थांबली की देवासाठी? देवासाठी थांबली असतील तर माझं काय त्यात?" मी म्हणायची, दोन्ही एकच. तुम्ही म्हणायचात, "एक कसं? तुळशीसाठी सगळे थांबतात. ज्याला कुणी कधी हात जोडले नाहीत, अशा तणासाठी एक माणूस थांबला, तर मी म्हणेन मला काढता येतं."

तुमचं तेवढंच एक मागणं होतं, वन्सं. मी तेव्हा म्हटलं, वेड लागलंय. आज वाटतं, केवढं मोठं मागणं होतं ते.

आणि म्हणून टाकळा. इथले लोक त्याला पुवाड म्हणतात आणि विळ्यानं कापून फेकतात. पावसात जिथं मोकळी जागा मिळेल तिथं गुडघा-मांडीइतका माजतो, वास उग्र, म्हशी तोंड लावत नाहीत. कोवळा असताना कुणी भाजी करतं, एवढीच काय ती किंमत. पत्रीत नाही, औक्षणात नाही, कुठल्या कहाणीत नाही. तुम्हांला तोच सापडला, कारण तो झोपतो. दिवसा उघडी पसरलेली पानं सूर्य कलला की खाली झुकतात आणि समोरासमोरची दोन दोन एकमेकांना चिकटतात. मी म्हटलं, हात जोडल्यासारखी. तुम्ही रागावलात. "हात नको जोडायला लावूस त्याला. दमलंय, झोपलंय."

तुम्हांला असं कापड हवं होतं की एका काठाला सकाळ असेल, मधे दुपार, आणि दुसऱ्या काठाला सगळं रान मिटलेलं. बघणाऱ्याची नजर कापडावरून जाता जाता दिवस मावळावा. मी ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. जोड कुठं घालायचा? झाड एकच, पण प्रत्येक ठशागणिक थोडं बदललेलं, म्हणजे जुळवायचं कशाला कशाशी? गफूरभाई म्हणाले, असं काम आमच्या सात पिढ्यांनी केलेलं नाही. पण नाही म्हणाले नाहीत. आणि तुम्ही सकाळ काढलीत, दुपार काढलीत. संध्याकाळ मात्र काढता येईना. पानं मिटायला लागायची तेव्हाच उजेड जायला लागायचा. दिसतं तोवर पूर्ण मिटलेली नसत, आणि मिटली की दिसत नसत. कंदील नेलात तर त्या उजेडात सावल्याच नाचायच्या. चिडून घरी यायचात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचात. त्यातच एकदा भिजून आलात, ताप धरला, छातीत कफ झाला. शेवटच्या दोन दिवसांत डोळे मिटूनच होतात. मी कपाळावर घडी बदलत होते. तुम्ही विचारलंत, "मिटलं का गं पान?" मी म्हटलं, "हो." खिडकीतून मला काहीच दिसत नव्हतं. तुम्ही बरं वाटल्यासारख्या झोपलात. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत.

एक सांगायचं राहिलं, ते आता सांगते. तुमच्यामुळे माझं फार नुकसान झालंय. मला आता रस्त्यानं सरळ चालता येत नाही. बाजारात जाताना भिंतीच्या फटीत उगवलेलं काही दिसलं की पाय रेंगाळतो. पूर्वी गवत म्हणजे गवत होतं, केवढं सुखाचं होतं ते! आता त्यात प्रत्येकाला वेगळा चेहरा आहे. हे तुम्ही मला दिलंत आणि मी तुम्हांला कधी म्हटलं नाही की मला आवडलंय. भांडणाची रंगत गेली असती ना.

गफूरभाई गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुमचा पाट आणि तुमची पेन्सिल घेऊन शाळेमागच्या पडीक जागेत गेले. ह्यांना सांगितलं, शेजारच्या सरस्वतीकडे शिवणाचा नमुना द्यायला जातेय. टाकळा कमरेइतका झालाय, पिवळी फुलं आलीत, शेंगा बारीक लांब लोंबतायत. बसले. ऊन कललं, आणि पानं हलायला लागली. हलताना दिसत नाहीत ती, वन्सं. डोळा काढून दुसरीकडे नेला आणि परत आणला की कळतं, मघापेक्षा झुकली आहेत. वारा नाही, आवाज नाही, कुणी हात लावलेला नाही, आणि डोळ्यांपुढं एवढं मोठं रान आपण होऊन मिटत चाललेलं. मला भीतीच वाटली. पेन्सिल हातात तशीच राहिली आणि अंधार पडला. तुम्ही म्हणत होतात तसंच झालं, मिटली आणि दिसेनाशी झाली. रिकामा कागद घेऊन घरी आले.

काल पुन्हा गेले. उजेड जायला लागला तसा जीव कासावीस झाला, आणि मग माझं मलाच हसू आलं. अहो, मी दिव्याशिवाय सुईत दोरा ओवणारी बाई. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं तुरपाई करते ती काय डोळ्यांनी? डाव्या हाताची बोटं मी पानाखाली नेली आणि नुसती ठेवली, तोडलं नाही, दाबलं नाही. पान गार होतं. देठ, मग पहिली जोडी, मग दुसरी, मग टोकाची सर्वांत मोठी. पाठी बाहेर, पोटं आत, कड कडेला टेकलेली. बोट एका जोडीवरून पुढच्या जोडीवर गेलं की उजवा हात तेवढंच कागदावर उतरवायचा. जोड्यांच्या मधे देठावर बोटाला काहीतरी लागलं, टाचणीच्या डोक्याएवढं, उभं. किडा असेल म्हणून हात मागं घेतला. पुन्हा ठेवला, तर तिथंच. दुसऱ्या पानावर तिथंच, तिसऱ्या पानावरही तिथंच. तुमचा सकाळचा कागद सोबत होता, तो डोळ्यांजवळ धरून उरल्यासुरल्या उजेडात पाहिला. त्याच जागी एक ठिपका. मी त्याला इतके दिवस पेन्सिलीचा डाग समजत होते, ठसा कोरताना तेवढा सोडून द्या असं गफूरभाईंना सांगणार होते. एवढं बारीक तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतंत! मला ते बोटांनीसुद्धा जेमतेम सापडलं.

मग मी काढतच गेले. चित्र तुमच्यासारखं नाही. रेघ शिवणासारखी तुटक आली आहे. गफूरभाई काय म्हणतील ते म्हणोत, उद्याच्या मोटारीनं मी कागद पाठवते आहे आणि जोड जुळवून देते म्हणून निरोपही.

पाट उचलला तेव्हा गावात दिवे लागले होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बसल्यापासून उठेपर्यंत मला तुमची एकदाही आठवण झाली नव्हती. तुम्ही गेल्यापासून असं एक घटकाभरही झालं नव्हतं. मी तिथंच उभी राहिले, त्या मिटलेल्या रानात, आणि आधी मला अपराध्यासारखं वाटलं. मग वाटलं नाही. ऐन विशीत सगळं हरवून परत आलेली मुलगी रोज पाट घेऊन गवतात का जाऊन बसते, हे या घरात तुम्हांला कुणी कधी विचारलं नाही, वन्सं, मीही नाही. काल मला ते कळलं. आता विचारायचं काही राहिलं नाही.